टॉवर नसलेल्या विमानतळावर वाट कोण देतो?

विमानतळ म्हटला की उंच टॉवरमध्ये बसून 'तू उतर, तू थांब' असे हुकूम देणारे अधिकारी आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण सगळ्याच विमानतळांवर टॉवर नसतो. एकट्या अमेरिकेत लोकांसाठी खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांपैकी टॉवर आहेत ते ५०० च्या आसपास. याचे कारण आम्हा व्यापाऱ्यांना सहज कळण्यासारखे आहे. दिवसाला मोजकी गिऱ्हाइके येणाऱ्या दुकानात कोणी चार नोकर ठेवत नाही.

मग तेथे लहान विमाने एकमेकांवर आदळत का नाहीत? तेथला कारभार तीन गोष्टींवर चालतो.

पहिली गोष्ट बोलणे आणि ऐकणे. प्रत्येक विमानतळासाठी रेडिओची एक फ्रीक्वेन्सी ठरलेली असते. विमान साधारण १० मैलांवर आले की पायलट विमानतळाचे नाव घेऊन आपण कोठे आहोत आणि कोणत्या धावपट्टीवर उतरणार हे सांगतो. शेवटी विमानतळाचे नाव पुन्हा घेतो, कारण जवळपासच्या अनेक विमानतळांची फ्रीक्वेन्सी एकच असू शकते. त्याला परवानगी कोणी देत नाही. बाकीच्यांनी ऐकून आपापला अंदाज बांधायचा असतो. दोघे एकाच वेळी बोलले तर मात्र दोघांचेही शब्द वाया जातात.

दुसरी गोष्ट ठरलेली वाट. उतरणारे विमान धावपट्टीला चौकोनी फेरी घालून येते आणि वळणे बहुधा डावीकडे घेते. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्याचा हक्क पहिला. तिसरी गोष्ट डोळे. अशा विमानतळांवर पुष्कळ ठिकाणी रेडिओची सक्ती नसते. म्हणजे रेडिओवर शांतता आहे याचा अर्थ आकाश मोकळे आहे असा होत नाही.

या तीन गोष्टींत गफलत झाली की काय होते, ते अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील क्विन्सी या शहरात १९ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसले. धावपट्टीला तिच्या दिशेवरून आकडा देतात. ०४ म्हणजे सुमारे ४० अंश, १३ म्हणजे सुमारे १३० अंश. क्विन्सीच्या या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास १० प्रवासी आणि दोन पायलट असलेले बीचक्राफ्ट १९०० विमान १३ वर उतरत होते. ०४ च्या तोंडाशी किंग एअर हे खासगी विमान उड्डाणासाठी उभे होते आणि त्याच्या मागे चेरोकी नावाचे एक छोटे विमान.

उतरणाऱ्या पायलटांनी रेडिओवर सरळ विचारले की ०४ वरचे विमान थांबणार आहे की निघणार आहे. किंग एअरकडून जवाब आला नाही. जवाब दिला मागच्या चेरोकीने, की आपण थांबलो आहोत. त्याच क्षणी बीचक्राफ्टमधील यंत्राचा इशारा मध्ये वाजला आणि बोलणे तुटक ऐकू आले. उतरणाऱ्यांना वाटले, किंग एअरच थांबले आहे. त्यांनी आभार मानले. त्यांचा गैरसमज कोणी दूर केला नाही. किंग एअर निघाले आणि दोन्ही विमाने धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली. दोन्हींतील मिळून १४ माणसे गेली.

सरकारी चौकशीत मुख्य ठपका आला तो किंग एअरच्या पायलटांवर, कारण त्यांनी ना नीट ऐकले ना नीट पाहिले. पण वाचकांनी पुढचा निष्कर्षही लक्षात घ्यावा. बीचक्राफ्टमधील माणसे टक्कर होऊनही जिवंत होती. मदतीला धावलेल्यांना बाहेरून दरवाजा उघडता आला नाही आणि विमानतळावर अग्निशमनाची पुरेशी सोय नव्हती. माणसे आग आणि धुराने गेली. म्हणजे टॉवरचा खर्च वाचवणे एक वेळ समजू शकते, पण बंबाचा खर्च वाचवला की हिशेब माणसांच्या जिवावर चुकता होतो. २००४ साली तेथे नियम बदलले आणि १० ते ३० आसनांची नियमित विमाने जेथे येतात, अशा बहुतेक विमानतळांनाही सुरक्षेचे प्रमाणपत्र बंधनकारक झाले.

तरी नियमांनी सारे भागत नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे फेरीत असलेल्या सेसना १५२ वर मागून सरळ आणि फार वेगाने आलेले सेसना ३४० आदळले. तीन माणसे गेली. तेथेही टॉवर नव्हता. दोन्ही पायलट रेडिओवर बोलत होते. बोलणे होते, पण वेग आवरला गेला नाही आणि पुढचे विमान वेळेत दिसले नाही.

आपल्यापैकी कोणावर कामानिमित्त लहान विमानात बसण्याची वेळ आली तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. विमानतळ जवळ आला की पायलटशी गप्पा बंद कराव्यात, कारण त्याचे कान तेव्हा रेडिओकडे असतात. दुसरे विमान दिसले तर मात्र संकोच न करता लगेच सांगावे. आणि बसताच दरवाजा कसा उघडतो ते विचारून घ्यावे.

बाजारात आम्ही फोनवर हजारो मीटरचा सौदा करतो, तेव्हा नग, भाव आणि समोरच्याचे नाव पुन्हा एकदा म्हणून घेतो. तेथे चूक झाली तर माल परत येतो. धावपट्टीवर परत येण्यासारखे काही उरत नाही. म्हणून 'कोण बोलले?' हा सवाल तेथे जबाब मिळेपर्यंत सोडायचा नसतो. जबाब मिळत नसेल तर उतरणे सोडून पुन्हा वर चढावे आणि आणखी एक फेरी मारावी. त्यात थोडे इंधन जाते, इतकेच.