क्लच घसरतो, म्हणून प्लेटा गेल्या?

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानात आपण धूर आणि अग्नी यांच्यापाशी थांबलो होतो. आज तेच अनुमान आम्ही मोटारसायकलच्या क्लचवर चालवून बघणार आहोत. हसू नका. डोंगरावरचा धूर आमच्या वर्गातल्या किती मुलांनी पाहिला असेल कोण जाणे, घसरणारा क्लच मात्र निम्म्यांच्या घरी असतो.

लक्षण ओळखीचं आहे. वरच्या गिअरमध्ये गाडी चढाला लागते, आपण ॲक्सिलरेटर पिळतो, इंजिन ओरडतं आणि चाक काही त्या मानानं पळत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात निदान तयार असतं: "क्लचप्लेटा गेल्या." पुष्कळदा ते खरंही निघतं. पण खरं निघणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

नैयायिकांनी हे फार नेमकं सांगितलंय. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर हवा तर सरपण ओलं पाहिजे. ही जी लपलेली अट, तिचं नाव उपाधी. आता क्लचकडे या. प्लेटा पार झिजल्या की क्लच घसरतो, कबूल. घसरतो म्हणून प्लेटाच झिजल्या, हे वाक्य मात्र उलटं फिरवलेलं आहे. त्याला अटी जोडाव्या लागतात, आणि त्या अटी कुठल्या हे कळायला आत काय आहे ते माहीत हवं.

आत एक चवड असते. इंजिनबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या खाचांत अडकलेल्या घर्षणाच्या प्लेटा आणि त्यांच्या मधेमधे गिअरबॉक्सकडे ताकद नेणाऱ्या गुळगुळीत पोलादी प्लेटा. सगळी चवड स्प्रिंगांनी घट्ट दाबलेली आणि इंजिन ऑइलमध्ये भिजलेली. लिव्हर ओढली की दाब सुटतो, चवड सैल होते. (गिअरच्या एटीव्हीतही हीच रचना असते. पट्ट्यावर चालणाऱ्या एटीव्हीचं प्रकरण निराळं.) म्हणजे घसरण्याची कारणं पृष्ठभागात असतील, दाबात असतील, नाहीतर तेलात. प्लेट हे त्यातलं एक.

म्हणून इंजिनला पाना लावण्याआधी लिव्हरच्या टोकाची ढील बघा. साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ढीलच नसेल तर आपण सदैव क्लच थोडा दाबूनच गाडी चालवतोय, असा अर्थ झाला. गंमत अशी, की प्लेटा झिजत जातात तशी ही ढील सहसा आपोआप कमी होते, आणि ढील गेली की प्लेटा आणखी लवकर झिजतात! दोन कारणं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. केबल सैल करून घसरणं थांबलं, तर काम तिथेच संपलं. मग तेल. चारचाकीचं तेल चांगलं महाग आहे म्हणून दुचाकीत ओतणारे हुशार लोक असतात. त्यातल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि इथे तर आपण घर्षणावरच जगतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-टू' असं लिहिलेलं हवं.

एवढं करूनही घसरतोय? मग उघडा. इंजिन गार असताना तेल काढा, किक काढा, मग उजवीकडचं कव्हर. कव्हरचे बोल्ट लहानमोठे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याचा त्या जागी खोचून ठेवा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. काही गाड्यांत मधला नटही काढावा लागतो आणि त्याला खास पाना लागतो. तो नसेल तर इथेच थांबून गॅरेज गाठावं. छिन्नी-हातोडीनं नट फिरवणं आम्हाला मान्य नाही.

प्लेटा निघाल्या की डोळ्यांवर विसंबू नका, मोजा. बऱ्याच लहान गाड्यांत नवी घर्षणप्लेट तीनेक मिलिमीटरची असते, त्यामुळे झीज मिलिमीटरच्या अंशात बोलते. व्हर्नियरनं जाडी घ्या आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. स्प्रिंगांची मोकळी लांबीही तशीच. पोलादी प्लेट निळसर पडली असेल तर ती तापली आहे. काचेवर ठेवून फीलर गेजनं वाक बघा. डब्याच्या दातांवर प्लेटांनी खाचा पाडल्या असतील, तर नुसत्या नव्या प्लेटांनी भागणार नाही. आता "प्लेटा गेल्या" म्हणायचा अधिकार आला.

नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळतात. काढताना फोटो घेतला असेल, त्याच क्रमानं लावा. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून नवं टाका. स्प्रिंगांचे बोल्ट बारीक असतात, जोर दाखवला की तुटतात. मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क आडवेतिडवे, फेरीफेरीनं द्या. गिल्बर्ट राइल यांनी 1949 साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये 'अमुक आहे हे जाणणं' आणि 'अमुक कसं करायचं ते जाणणं' यांत जो भेद केला, तो त्या बोल्टवर मनगटाला कळतो. टॉर्क पाना मात्र जवळ असू द्या, मनगट नवखं असतं.

तेल भरा, केबलची ढील पुन्हा लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि थोड्या वेळानं पातळी बघा. निघालेलं काळं तेल गटारात नको, आणि वाळवीसाठी दाराच्या चौकटीला फासायलाही नको. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजात द्या. मग त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी घेऊन जा.