केस, कीर्ती आणि बाजारपेठ

१० जून १९९० रोजी पॅरिसच्या रोलां गॅरोस मैदानावर फ्रेंच टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होण्यापूर्वी वीस वर्षांचा आंद्रे आगासी मनोमन प्रार्थना करीत होता. ती विजयासाठी नव्हती. डोक्यावरचा केसांचा टोप जागेवर राहावा, एवढेच मागणे होते. आदल्या रात्री तो टोप विस्कटला होता आणि पिना लावून कसाबसा सावरला होता. इक्वाडोरच्या आंद्रेस गोमेझने तो सामना चार सेटमध्ये जिंकला. हा प्रकार आगासीने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वत:च सांगितला.

जगातील अग्रगण्य खेळाडूला एवढे भय कशाचे वाटावे? व्यावसायिक टेनिसपटूचे उत्पन्न केवळ बक्षिसाच्या रकमेवर अवलंबून नसते. जाहिरातींचे करार हा त्याचा मोठा आधार असतो. त्या सुमारास एका कॅमेरा कंपनीच्या जाहिरातीत, प्रतिमा हेच सर्वस्व, अशा आशयाचे वाक्य आगासीच्या तोंडी होते. त्याचे लांब केस हे अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचे भांडवलच होते, आणि ते भांडवल झपाट्याने झिजत होते.

पुढचा इतिहास मात्र बोधप्रद आहे. १९९५ च्या प्रारंभी आगासी मुंडण केलेल्या डोक्याने मेलबर्नला उतरला, अंतिम सामन्यात त्याने पीट सॅम्प्रासला हरविले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो जागतिक क्रमवारीत पहिला झाला. त्याच्या आठ प्रमुख एकेरी अजिंक्यपदांपैकी सहा त्याने केसांचा त्याग केल्यावर मिळविली. १९९९ साली पॅरिसचे अजिंक्यपदही. जे झाकण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते उघडे पडल्याने काहीच बुडाले नाही.

परंतु पराक्रमाची ढाल ज्याच्यापाशी नाही, त्याचे काय? जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अल्पावधीत अनेकांचे केस गळून टक्कल पडले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक तेथे आले, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. कारणांची ही चर्चा चालू असतानाच विद्यार्थी महाविद्यालयात जाण्यास संकोचू लागले, जुळू पाहणारी लग्ने अडू लागली. शरीराला झालेल्या अपायापेक्षा समाजाच्या नजरेचा अपाय अधिक जाचक ठरला.

भडगावच्या तरुणाला हे परके नाही. पाचोऱ्याहून शेगाव रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे, आणि वधूपक्षाची नजर तर घरोघरी सारखीच आहे. कपाशी आणि केळीच्या भावावर ज्या घराचे वर्षाचे गणित अवलंबून असते, त्या घरातील मुलगा विरळ होणारे केस पाहून तेले, गोळ्या आणि केशरोपणाच्या जाहिरातींकडे वळतो. वस्तुत: पुरुषांतील टक्कल बहुतांशी आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा परिणाम आहे. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड यांसारख्या औषधांचा काहींना उपयोग होतो. पण तो औषध चालू असेपर्यंतच टिकतो, आणि ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. रस्त्यावरच्या बाटलीत यापेक्षा अधिक काही असेल, असे मानण्यास आधार नाही.

कायदा याबाबत मुका नाही. औषधे नियम, १९४५ यांच्या ‘जे’ अनुसूचीत टकलाचा स्पष्ट उल्लेख असून, ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. तरीही असे दावे राजरोस चालतात, कारण येथे विकली जाणारी खरी वस्तू तेल नसून भय आहे. मागणी आधी निर्माण करावयाची आणि मग पुरवठा करावयाचा, हा या व्यापाराचा सरळ हिशेब आहे. नफा विक्रेत्याचा, न्यूनगंडाचा आणि कर्जाचा बोजा मात्र एकट्या ग्राहकाचा.

अन्न व औषध प्रशासनाने या नियमाची तालुका पातळीपर्यंत अंमलबजावणी करावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु या भयाची मागणी जेथे उत्पन्न होते, ते ठिकाण घराच्या बैठकीतच आहे. मुलाची शेती, शिक्षण आणि स्वभाव पाहण्यापूर्वी त्याच्या कपाळाची रुंदी मोजली जाते, तोवर बाटल्या खपतच राहतील. आगासीला टोप भिरकावून देण्याचे धैर्य परवडले; सामान्य मुलाला ते परवडावे, अशी व्यवस्था करणे समाजाच्या हाती आहे, आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही.