ग्रिड संगणन : यंत्रे जोडली गेली, कंपन्या कुठे अडल्या?

वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या मालकीचे आणि वेगवेगळ्या बनावटीचे संगणक जाळ्याने जोडून त्यांच्याकडून एकच मोठे काम करून घेण्याच्या पद्धतीला ग्रिड संगणन म्हणतात. कामाचे लहान तुकडे पाडले जातात. ज्या संगणकाला त्या वेळी फुरसत असेल त्याच्याकडे एक तुकडा जातो आणि परत आलेली उत्तरे एकत्र केली जातात. तुकडे वाटणे, मागणाऱ्याची ओळख पटवणे आणि कामावर देखरेख ठेवणे हे सारे मिडलवेअर नावाचे सॉफ्टवेअर करते. इयन फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी १९९८ मध्ये संपादित केलेल्या ‘द ग्रिड’ या ग्रंथाने या कल्पनेला ठाशीव रूप दिले. विजेच्या जाळ्यातून घरोघरी वीज पोहोचते तशी संगणनशक्ती मागेल त्याला मिळावी, ही त्यामागची आकांक्षा होती.

पण विजेचे एक युनिट दुसऱ्या युनिटासारखेच असते. ते कोणी वापरले आणि कशासाठी, याने त्यात काही फरक पडत नाही. संगणनाच्या कामाचे तसे नाही. त्याच्यासोबत कोणाची तरी माहिती, कोणाचे तरी सॉफ्टवेअर, त्याचा परवाना आणि गुप्ततेची जबाबदारी हे सारे येते. कंपन्यांनी ग्रिड स्वीकारताना जे अडथळे अनुभवले त्यांतले बहुतेक या फरकातून निर्माण झाले. तंत्राच्या अडचणी खऱ्या होत्या, पण त्या सुटत गेल्या. करार, मालकी आणि विश्वास यांच्या अडचणी अधिक चिवट निघाल्या.

विज्ञानाच्या क्षेत्रात ग्रिडने मोठे यश मिळवले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील महाकाय कणत्वरकाची माहिती सुमारे ४० देशांतील दीडशेहून अधिक केंद्रांत साठवली आणि तपासली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ही भारतातील केंद्रे या जाळ्यात आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘गरुड’ हा राष्ट्रीय ग्रिड प्रकल्प उभारला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या. अशा जाळ्यांत सहभागी संस्थांचे उद्दिष्ट समान असते, निष्कर्ष पुढे प्रसिद्धच व्हायचे असतात आणि खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून येतो. व्यवसायात या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

तरीही कंपन्यांना ग्रिडचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. कचेरीतले शेकडो संगणक संध्याकाळनंतर रिकामे असतात आणि दिवसाही त्यांच्या क्षमतेचा थोडाच भाग वापरला जातो. हीच क्षमता गोळा केली तर नवी महागडी यंत्रे न घेता मोठी आकडेमोड करता येईल, असा हिशेब होता. नोव्हार्टिस या औषध कंपनीने स्वित्झर्लंडमधील बासेल येथे अडीच हजारांहून अधिक डेस्कटॉप संगणक अशा रीतीने जोडून औषधांसाठी उपयुक्त रेणूंचा शोध घेतला. बँकांनी जोखमीच्या गणितासाठी, विमा कंपन्यांनी दायित्वाच्या अंदाजासाठी आणि चित्रपट उद्योगाने संगणकीय चित्रांसाठी हाच मार्ग धरला.

ही कामे ग्रिडला मानवतात, कारण त्यांचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात. दीड तासाच्या ॲनिमेशनपटात सेकंदाला २४ या हिशेबाने १,२९,६०० चौकटी होतात आणि प्रत्येक चौकट वेगळ्या यंत्रावर रंगवता येते. व्यवसायातली बरीचशी कामे अशी नसतात. बँकेच्या खात्यातील पुढची नोंद आधीच्या शिलकीवर अवलंबून असते. ऑर्डर, साठा आणि बिल यांचा क्रम मोडता येत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे निर्णायक ठरतो. एखाद्या कामाचा ५ टक्के भाग जरी क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही यंत्रे लावली तरी ते काम २० पटींहून अधिक वेगाने होऊ शकत नाही. शिवाय वर्षानुवर्षे चालत आलेले सॉफ्टवेअर एकाच मोठ्या यंत्रासाठी लिहिलेले असते. ते ग्रिडसाठी नव्याने लिहायचे तर खर्च मोठा, आणि मूळ लिहिणारे अनेकदा कंपनी सोडून गेलेले असतात.

माहितीची ने-आण ही दुसरी अडचण. १ टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पाठवायला, जोडणी पूर्ण क्षमतेने चालली तरी, सुमारे २२ तास लागतात. दूरच्या रिकाम्या संगणकाने तासाभरात उत्तर काढून दिले तरी माहिती तिथे पोहोचण्यातच दिवस जात असेल, तर त्या रिकामेपणाचा काही उपयोग नाही. म्हणून कमी माहितीवर खूप आकडेमोड करणारी कामे ग्रिडवर चालतात आणि खूप माहितीवर थोडी आकडेमोड करणारी कामे बहुधा चालत नाहीत.

सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा प्रश्न याहून कमी चर्चिला गेला, पण कंपन्यांना त्याने अधिक छळले. मोटारीच्या धडकेचे किंवा पंख्याभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे गणित करणारी सॉफ्टवेअर पॅकेजेस अत्यंत महाग असतात. त्यांचे लायसन्स यंत्रामागे, प्रोसेसरमागे किंवा एका वेळी चालणाऱ्या प्रतींमागे मोजले जाते. ग्रिडमध्ये ५०० संगणक रिकामे असले आणि लायसन्स २० प्रतींचेच असले, तर एका वेळी वीसच कामे चालणार. बाकीची यंत्रे बघत बसणार. आज इथे आणि उद्या तिथे चालणाऱ्या प्रोग्रामचे पैसे कोणत्या यंत्राच्या नावे भरायचे, याचे उत्तर जुन्या करारांत नव्हते. २००५ च्या सुमारास एकाच चिपवर दोन गाभे असलेले प्रोसेसर आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने प्रोसेसर मोजायचे ठरवले आणि ओरॅकलने गाभे. एका चिपचे पैसे किती, यावरच जिथे विक्रेत्यांचे एकमत नव्हते, तिथे हजार यंत्रांवर फिरणाऱ्या कामासाठी न्याय्य दर ठरणे अवघडच होते. पुढे कामवाटप करणाऱ्या सॉफ्टवेअरला मोकळ्या यंत्रांबरोबर मोकळी लायसन्सही मोजायला शिकवावे लागले. यंत्रांवर वाचवलेले पैसे लायसन्सवर खर्च होत असतील तर ग्रिडचा मूळ हिशेबच कोलमडतो.

यानंतर कंपनीच्या आतली मालकी. सर्व्हर कागदोपत्री कंपनीचा असतो, पण तो एका विभागाच्या अंदाजपत्रकातून आलेला असतो आणि तो विभाग त्याला आपलाच समजतो. सामायिक वापरासाठी तो द्यायला सांगितला की विभागप्रमुखाच्या मनात वाजवी शंका येतात: आम्हाला गरज असेल तेव्हा तो मोकळा मिळेल का? दुसऱ्यांच्या कामाने तो बंद पडला तर जाब कोणाला विचारायचा? वीज, देखभाल आणि माणसांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार? या शंका म्हणजे आडमुठेपणा नव्हे. महिनाअखेरीला लेखा विभागाला आणि जोखीम विभागाला एकाच रात्री सर्व क्षमता हवी असते, तेव्हा कोणाचे काम आधी हे यंत्र ठरवू शकत नाही. ते वरिष्ठ व्यवस्थापनाने आधीच ठरवून द्यावे लागते. त्यासाठी कोणी किती तास वापरले याची नोंद ठेवून विभागांकडून अंतर्गत आकारणी करण्याची पद्धत लागते. ही पद्धत नसलेल्या कंपनीत यंत्र देणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि मग प्रत्येक जण आपले यंत्र राखून ठेवतो.

सुरक्षिततेची अडचण दुहेरी आहे. यंत्राच्या मालकाला परका प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू द्यावा लागतो, आणि काम पाठवणाऱ्याला आपली माहिती परक्या संगणकाच्या स्वाधीन करावी लागते. डिजिटल प्रमाणपत्रांनी ओळख पटवता येते आणि वाटेतील माहिती सांकेतिक रूपात पाठवता येते. पण प्रत्यक्ष आकडेमोड होताना ती माहिती सर्वसाधारणपणे उघड्या रूपातच असते आणि त्या यंत्राच्या प्रशासकाला ती पाहणे शक्य असते. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकमेकांची यंत्रे वापरावीत हे स्वप्न इथेच थांबले. कामांचा ताबा एका केंद्राकडे नसणे ही फॉस्टर यांनी २००२ मध्ये सांगितलेल्या खऱ्या ग्रिडच्या तीन कसोट्यांपैकी पहिली. ती काटेकोरपणे लावली तर कंपन्यांमधली बहुतेक ग्रिड त्या कसोटीला उतरत नाहीत; त्या एकाच कंपनीच्या भिंतींआड, एकाच आयटी विभागाच्या ताब्यात चालल्या.

भिंतींच्या आतही कायदा आडवा येतो. एकाच बँकेच्या लंडन, सिंगापूर आणि मुंबई येथील कचेऱ्या जोडून दिवस असलेल्या देशातले काम रात्र असलेल्या देशातील रिकाम्या यंत्रांकडे ढकलणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. पण युरोपीय संघाचे वैयक्तिक माहितीविषयक नियम मे २०१८ पासून लागू आहेत आणि त्यांच्या भंगाबद्दल जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आर्थिक देयकांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला, आणि भारताचा स्वतःचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. कामाचा तुकडा कुठे जाईल ते ग्रिडने क्षणात ठरवायचे, हा तिचा मोठा गुण. नियामकाला मात्र माहिती नेमकी कुठे होती याचे उत्तर द्यावे लागते.

प्रमाणकांची अस्थिरता हा त्या काळातला आणखी एक जाच. ‘ग्लोबस टूलकिट’ हे सर्वांत प्रसिद्ध मिडलवेअर. त्याची तिसरी आवृत्ती २००३ मध्ये वेब सेवांवर आधारलेल्या नव्या प्रमाणकानुसार आली; २००४ मध्ये ते प्रमाणक बाजूला सारून दुसरे पुढे आले, आणि २००५ मध्ये चौथी आवृत्ती. दोन वर्षांत दोनदा पाया बदलणाऱ्या तंत्रावर दहा वर्षे चालवायची व्यवस्था कोणती कंपनी उभारील? या संकोचाला दोष देता येत नाही. टूलकिटच्या मुक्त आवृत्तीचा आधार जानेवारी २०१८ मध्ये संपला.

बिघाडाचे गणितही लक्षात घ्यावे लागते. प्रत्येक संगणक दिवसभर सुरळीत चालण्याची शक्यता ९९.९ टक्के धरली, तरी हजारच्या हजार संगणक सुरळीत चालण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. म्हणजे ग्रिडमध्ये बिघाड नित्याचा धरूनच प्रोग्राम लिहावा लागतो. वेगवेगळ्या बनावटीच्या प्रोसेसरवर दशांशातील आकडेमोडीची उत्तरे शेवटच्या काही अंकांत वेगळी येऊ शकतात. परग्रहावरील जीवसृष्टीच्या शोधासाठी १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ प्रकल्पाने एकच तुकडा एकाहून अधिक स्वयंसेवकांना पाठवून उत्तरे ताडून पाहिली. स्वयंसेवकांचे संगणक फुकट होते म्हणून ते परवडले. कंपनीला ती पडताळणी दुप्पट खर्चाची पडते, आणि लेखापरीक्षक कालचा आकडा आज जसाच्या तसा पुन्हा काढून मागतो.

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने आभासी संगणक तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटले. त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सने प्रोसेसरच्या तासाला १ डॉलर या दराने ग्रिड खुली केली होती, पण ती फार काळ टिकली नाही. अशा भाड्याच्या संगणनाने, म्हणजे क्लाउडने, मालकीचा गुंता एका झटक्यात सोडवला: सगळी यंत्रे एकाच विक्रेत्याची, एकच करार, एकच बिल. ग्रिड विकणाऱ्या कंपन्या मोठ्यांनी गिळल्या. डेटासिनॅप्स २००९ मध्ये टिब्कोकडे आणि प्लॅटफॉर्म कॉम्प्युटिंग २०१२ मध्ये आयबीएमकडे गेली. मात्र कामाची विभागणी, माहितीची ने-आण, लायसन्स आणि कायदा हे प्रश्न क्लाउडमध्येही जसेच्या तसे आहेत, आणि मोठ्या बँकांची जोखीमगणिते आजही ग्रिडच्या तंत्रावर चालतात. स्वतःची यंत्रे अपुरी पडली की या बँका क्लाउडमधली उसनी घेतात.

आज नव्याने विचार करणाऱ्या कंपनीने एकाच विभागातले, सुटे तुकडे पडणारे आणि फारशी माहिती न हलवणारे एकच काम निवडावे. त्या कामाच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स करार यंत्रे जोडण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावा, आकारणीची पद्धत विभागप्रमुखांशी बोलून लेखी ठरवावी आणि सहा महिन्यांचा विजेसह पूर्ण खर्च क्लाउडच्या दराशी ताडून पाहावा. वर्षातून दोन-चार वेळाच मोठी आकडेमोड करणाऱ्या लहान कंपनीला स्वतःची ग्रिड परवडणार नाही. रोज रात्री तेच गणित लाखो वेळा करणाऱ्या कंपनीला ती अजूनही किफायतशीर ठरू शकते.