पाणलोटाच्या माथ्यावरचं पाटोदा

बीडहून मांजरसुंब्यावरून जामखेडकडे निघालं की बालाघाटाच्या पठारावर पाटोदा लागतं. छत्रपती संभाजीनगरजवळचं आदर्श गाव म्हणून गाजलेलं पाटोदा निराळं. हे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस, माळावर ज्वारी आणि तूर. शाळांच्या सहली इथून रायगडाला जातात, वेरूळला जातात. पण भूगोलाचा सगळ्यात मोठा धडा या तालुक्याच्या हद्दीतच आहे आणि तिथे फार थोड्या शाळा पोरांना नेतात.

तालुक्यातल्या गौखाडीजवळ मांजरा उगम पावते. तिथून 724 किलोमीटर वाहत, बीड, धाराशिव, लातूर करत, कर्नाटकात बिदरवरून ती तेलंगणात शिरते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. याच तालुक्यात जामखेडच्या वाटेवर सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते. दरीत रामेश्वराचं देऊळ आहे, उतरायला पायऱ्या आहेत, श्रावणात गर्दी असते. विंचरणेचं पाणी सीनेला जातं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेत मिसळते आणि भीमा कृष्णेत. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस थोडा गोदावरीचा होतो, थोडा कृष्णेचा. नकाशावरची पाणलोटाची रेघ मुलांना पायाखाली दाखवता येईल अशी जागा मराठवाड्यात दुसरी क्वचितच असेल.

माथ्यावर असण्याची किंमतही मोठी आहे. इथे पाणी पडतं, थांबत नाही. खाली मांजरेकाठी लातूरकडे आणि सीना-भीमेच्या काठी सोलापूरकडे त्याचा ऊस होतो, उसाभोवती कारखाने उभे राहतात. आणि दसरा-दिवाळी झाली की पाटोद्याची माणसं ऊस तोडायला पाण्याच्याच मागोमाग खाली उतरतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते मिळून टोळी. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथे कारखाना नेईल तिथे उसाच्या फडाशेजारी कोपी, म्हणजे झोपडी, घालायची आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत तिथेच राहायचं.

पाटोद्याच्या मुलांनी एकदा साखर कारखाना पाहावा, तो यासाठी. श्रीलंकेत किंवा मुन्नारला सहली जातात तेव्हा चहाचा मळा आणि कारखाना एकाच फेरीत दाखवतात, कारण खुडलेलं पान त्याच दिवशी सुकवायला पसरावं लागतं. कारखाना मळ्यापासून लांब असून चालत नाही. उसाचं तसंच. तोडल्यापासून त्यातली साखर घटू लागते. म्हणून काट्यावर वजन झालं की मोळ्या गव्हाणीत पडतात, चरकातून रस निघतो, चुना आणि गंधकाच्या धुराने तो स्वच्छ होतो, आटतो, दाणा धरतो. उरलेलं चिपाड बॉयलरमध्ये जळून त्याच कारखान्याला वाफ आणि वीज देतं. वाया जात नाही काही. पण रात्रंदिवस चालणाऱ्या या गव्हाणीला ताज्या उसाचा खंड पडू द्यायचा नाही, म्हणून तोडणाऱ्याला फडावरच राहावं लागतं. भरायला गाडी आली की रात्री-अपरात्री उठावं लागतं. आईबाप असे सहा-सहा महिने फडात, तर लेकरू शाळेत कसं राहणार? थोरली बहीण धाकट्याला सांभाळत कोपीपाशी बसते आणि तिची इयत्ता मागे राहते. हे मुलीच्या नशिबावर किंवा आईबापाच्या अडाणीपणावर ढकलणं अन्यायाचं आहे.

चहाच्या मळ्यांसाठी 1951 च्या मळा कामगार कायद्याने ठरावीक संख्येपुढे पाळणाघराची सोय मालकावर बंधनकारक केली आणि मुलांच्या शाळेचीही तरतूद केली. मळ्यांची अवस्था आदर्श झाली असं नव्हे, पण जबाबदारी कोणाची हे कागदावर तरी आलं. ऊसतोड कामगार त्या कायद्यात कधी बसला नाही. शिवाय त्याला ठेवणारा मुकादम, त्याच्याकडून काम घेणारा कारखाना आणि ज्याच्या फडात तो वाकतो तो शेतकरी, हे तिघे निराळे. उशिरा का होईना, 2021 मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली: 41 तालुके, 82 वसतिगृहं. पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत पाटोदा होतं. शिवाय गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. आजीआजोबांजवळ राहिलेल्या मुलाला तिथे दोन वेळचं जेवण मिळतं.

तालुक्यातल्या गुरुजींना आणि बाईंना एवढंच सांगणं आहे. पाऊस ओसरला की वर्ग घेऊन गौखाडीला जा, सौताड्याला जा. दरीच्या पायऱ्या ओल्या असतात, लहानांना हात धरून उतरवा. गाळप सुरू झालं की एखादा कारखानाही दाखवा. आणि हंगामी वसतिगृहाची यादी दसऱ्याच्या आत पुरी करा. टोळ्या निघाल्यानंतर केलेल्या यादीत ज्याचं नाव घालायचं, ते मूल तोवर फडावर पोहोचलेलं असतं.