मुरमाचा गुन्हेगार कोण?

उद्या शाळेचं स्नेहसंमेलन आणि आज आरशात पाहावं, तर नाकाच्या शेंड्यावर लालभडक मुरूम! आई म्हणते, "तोंड नीट धूत नाहीस." दादा म्हणतो, "अरे वा, दिवा लागला!" आणि आपण मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत बसतो. पण मुलांनो, हा दोष खरंच आपला असतो का?

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे त्या जास्त तेल पाझरू लागतात. तेल आणि मृत पेशी यांनी छिद्राचं तोंड बुजलं, की आत 'क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस' या जिवाणूची चंगळ होते. त्याला हवा फारशी नकोच असते, तेल मात्र हवं असतं! तेलाचे तो तुकडे करतो, त्यातून त्वचेला झोंबणारी आम्लं तयार होतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला धावतात. ही लढाई म्हणजेच तो ठणकणारा मुरूम.

पण गंमत अशी, की हाच जिवाणू नितळ चेहऱ्यांवरही सुखाने राहतो! मग त्रास काहींनाच का?

उत्तर शोधायला शास्त्रज्ञांनी जिवाणूचा 'जीनोम' वाचला. जीनोम म्हणजे सजीवाचं सूचना-पुस्तक. ते डीएनएच्या फक्त चार रासायनिक अक्षरांत लिहिलेलं असतं. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी या जिवाणूचं सुमारे २५ लाख ६० हजार अक्षरांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात तेल फोडणारी आणि त्वचेला इजा करू शकणारी प्रथिनं बनवण्याच्या सूचना सापडल्या.

पुढचा धागा मिळाला २०१३ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरूम असलेल्या ४९ आणि नसलेल्या ५२ जणांच्या नाकावर चिकटपट्ट्या लावून छिद्रांतले जिवाणू गोळा केले. त्यांतल्या ६६ वाणांचे जीनोम वाचले. आणि काय दिसलं? एकाच आडनावाच्या भावंडांचे स्वभाव वेगळे असावेत, तसे हे वाण वेगळे निघाले! दोन वाण मुरूम असलेल्या दर पाचांपैकी साधारण एकाकडे होते, नितळ त्वचेवर मात्र क्वचितच. त्यांच्या पुस्तकात काही जादा जनुकं होती. तिसरा वाण नेमका उलटा, तो बहुधा नितळ चेहऱ्यांवरच सापडला.

म्हणजे सगळेच जिवाणू गुन्हेगार नाहीत, बरं का! नेहमीची अँटिबायोटिक औषधं मात्र हा भेद करत नाहीत. उद्या फक्त उपद्रवी वाण हटवणारं औषध बनवायचं, तर अशी माहिती उपयोगी पडेल.

तोवर आपण काय करायचं? दिवसातून दोनदा चेहरा हलक्या हाताने धुवायचा, खसाखसा घासायचा नाही. मुरूम फोडायचा तर मुळीच नाही, कारण त्याने खड्डे पडतात. त्रास जास्त असेल, तर आई-बाबांना सांगून डॉक्टरांकडे जायचं. आणि आई-बाबा, मुरूम म्हणजे अस्वच्छता नव्हे, हे तुम्हीही लक्षात ठेवायचं. वर्गात कुणाच्या चेहऱ्यावर 'दिवा' दिसला, तर चिडवण्याऐवजी त्याला ही गोष्ट सांगाल ना?