मावशी बदलली की आजी जेवत नाहीत

पेणहून रोह्याकडे जाताना नागोठणे सोडले की निडीचे छोटे स्टेशन लागते. तिथल्या एका वाचक भगिनींचे पत्र मध्यंतरी आले. त्यांच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. तीन वर्षे घरी सांभाळले. पण एका रात्री सासूबाई कडी काढून रुळांच्या दिशेने चालू लागल्या, तेव्हा नाइलाजाने त्यांना अशा रुग्णांसाठी चालविलेल्या एका निवासी संस्थेत ठेवावे लागले. पत्रात त्या लिहितात, "डॉक्टर, दर भेटीला नवी बाई दिसते. आधीच्या मावशी होत्या तोवर आई जेवत होत्या, हसत होत्या. आता तोंड घट्ट मिटून घेतात, आंघोळीला नेले की ओरडतात. संस्थेतले म्हणतात, आजार पुढे गेला. खरे आहे का?"

हा प्रश्न एकट्या त्या ताईंचा नाही, म्हणून आजचा लेख त्यावरच.

मी त्यांना प्रथम विचारले ते इतकेच, की हा बदल किती दिवसांत झाला? स्मृतिभ्रंश हा महिन्या-वर्षांच्या गतीने वाढणारा विकार आहे. दोन-चार दिवसांत एकाएकी बिघाड झाला तर लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पोटात पाणी कमी जाणे, कुठे दुखणे किंवा नुकतेच सुरू केलेले एखादे औषध, यांचा शोध आधी घ्यावा. आजींच्या तपासण्या झाल्या. काही निघाले नाही. मग उरली ती बाई बदलल्याची गोष्ट.

अल्झायमर या विकारात अलीकडचे आधी पुसले जाते. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण भावना मागे राहते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली असे दाखविले, की या रुग्णांना चित्रपटातले दुःखी प्रसंग दाखविल्यावर थोड्याच वेळात ते प्रसंग विसरले जातात. मनावरचे सावट मात्र टिकते. म्हणजे आजींना मावशीचे नाव सांगता येणार नाही. कोणत्या हाताजवळ निर्धास्त वाटते, हे मात्र त्यांना कळते.

आता त्या जुन्या मावशींना काय माहीत होते ते पाहा. आजींना "आंघोळ करू या" म्हटले की त्या नकार देत. "लावणीला जायचंय, आटपा" म्हटले की उठत. डोक्यावर पाणी घ्यायचे ते तांब्याने, प्लॅस्टिकच्या मगाने नाही. चमचा ओठांशी नेला तर त्या तोंड फिरवत. तांदळाची भाकरी मोडून हातात दिली तर आपल्या आपण खात. हे कोणत्याही केसपेपरवर लिहिलेले नव्हते. मावशी नोकरी सोडून गेल्या, त्याबरोबर हेही गेले. नव्या बाईने चमचा पुढे केला, आजींनी तोंड मिटले आणि वहीत नोंद झाली : "रुग्ण जेवत नाही."

मावशी का गेल्या? येथे मला माझा अनुभव सांगितला पाहिजे. काही वर्षे मी अशाच एका संस्थेत दर गुरुवारी रुग्ण तपासायला जात असे. संस्थेचे नाव देत नाही. पहिले व्यवस्थापक शिस्तीचे होते. दहा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापत. एकदा एका आजोबांनी मावशीच्या थोबाडीत मारली. ती रडत ऑफिसात गेली, तर हे म्हणाले, "तू काय केलंस त्यांना?" त्याच महिन्यात ती गेली आणि तिच्याबरोबर आणखी दोघी. मीही त्या वेळी गप्प बसलो, हे कबूल करतो. माझे काम औषधे लिहिण्याचे, असे मी समजत होतो.

पुढे त्या जागी एक निवृत्त परिचारिका आल्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. पगार वाढविणे त्यांच्या हाती नव्हते. विश्वस्तांनी स्पष्ट नकार दिला. त्यांनी हाती होते तेवढे केले. एका मावशीला तेच ठरलेले चार-पाच रुग्ण दिले, रोज वॉर्ड बदलणे बंद केले. रोज सकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटे मावशींना बोलू देत आणि स्वतः ऐकत. कुणाला मार बसला तर आधी तिला पाणी देऊन बसवत, मग सांगत की आजोबांना तू चोर वाटलीस, मागून हात लावू नकोस, समोर येऊन नाव घे. बऱ्याच मावशी दिवा-रोहा गाडीने येत. गाडीच्या वेळा पाहून त्यांनी पाळीची वेळ अर्धा तास पुढे नेली आणि पगार कापण्याचा प्रश्नच मिटला. रात्री माणूस कमी असेल तर स्वतः हातमोजे घालून घाण काढत. वर्षभरात मला दिसलेला फरक सांगतो : दर गुरुवारी तीच तोंडे दिसू लागली, आणि झोपेची व शांत ठेवण्याची औषधे लिहून द्या, असा तगादा कमी झाला.

ही औषधे साधी नाहीत. रुग्णाला आवरण्यासाठी मनोविकाराच्या ज्या गोळ्या देतात, त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. क्वचित त्या द्याव्याच लागतात. पण माणसे कमी पडली की हात गोळ्यांकडे लवकर वळतो, हे मी पाहिले आहे.

परदेशात याबाबत फार सुबत्ता आहे असे समजू नये. अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या नोंदी तपासून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचर्या कर्मचाऱ्यांच्या गळतीचे सरासरी प्रमाण वर्षाला १२८ टक्के निघाले. म्हणजे शंभर जागा असतील तर वर्षात सव्वाशेहून अधिक वेळा माणूस सोडून जातो. तेथेच २००९ सालच्या एका पाहणीत असे दिसले, की जे प्रशासक कर्मचाऱ्यांचे मत विचारतात आणि त्याप्रमाणे वागतात, त्यांच्याकडे गळती सर्वांत कमी असते. आमच्या सिस्टरनी ती पाहणी वाचलेली नव्हती.

तरी पगाराचा मुद्दा चहाने सुटत नाही. सिस्टरांची सर्वांत हुशार मावशी पुढे धाटावच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली. तिथे प्रॉव्हिडंट फंड होता, रविवारची सुट्टी होती. तिला कोणी दोष देऊ नये. 'सेवाभाव' हा शब्द विश्वस्त मंडळींच्या भाषणांत मी पुष्कळ ऐकला. तो बहुधा दुसऱ्याच्या पगाराविषयी बोलताना येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले बहुतेक घरीच असतात. पण अशा संस्था वाढत आहेत, आणि तिथे राबणाऱ्या बाया आपल्याच पेण-रोह्याच्या गावांतून जातात.

म्हणून घरच्या माणसाला संस्थेत ठेवताना इमारत, बाग, टीव्ही जरूर पाहा, पण एखाद्या मावशीला बाजूला घेऊन विचारा, की तुम्ही इथे किती वर्षे आहात? आठवड्याची सुट्टी मिळते का? रात्री एकीकडे किती पेशंट असतात? व्यवस्थापकांनी त्या मावशीला नावाने हाक मारली की "ए बाई" म्हणून, तेही कानांवर पडेल. आणि आपणही भेटीला गेल्यावर आल्याआल्या तक्रारीच सुरू करतो का, हे जरा आठवून पाहा.

निडीच्या ताईंना मी शंभर पानी वही घ्यायला सांगितली. लावणी, तांब्या, भाकरी, गावच्या जत्रेचा दिवस, कोणत्या नावाने हाक मारायची, सगळे त्यात मोठ्या अक्षरांत लिहून ती वही नव्या बाईच्या हाती द्यायची. त्यांनी आणखी एक केले, जे मला सुचले नव्हते. जुन्या मावशींचा फोन नंबर मिळवून नव्या बाईशी त्यांचे बोलणे करून दिले. दोघी अर्धा तास बोलल्या म्हणे.

गेल्या रविवारी आजींनी अर्धी भाकरी हातात धरून खाल्ली. आंघोळीला अजून कुरकुर आहेच. नवी बाई चांगली आहे, पण दिवाळीनंतर राहीन की नाही सांगता येत नाही, असे तिने ताईंना सांगून ठेवले आहे. संस्थेच्या व्यवस्थापकांची वेळ ताईंनी येत्या शनिवारची मागितली आहे.