बुटांच्या कारखान्यातील कामगार धावण्याचा उस्ताद झाला

उस्तादाने आपला हुनर शागिर्दाला किती द्यावा आणि किती हातचा राखावा, हा आमच्या कारागीर बांधवांचा जुना प्रश्न आहे. शागीर्द उद्या समोरच दुकान थाटील, या धास्तीने पुष्कळ उस्ताद शेवटची खुबी कधी सांगतच नाहीत. मग एके दिवशी उस्ताद जातो आणि त्याच्याबरोबर ती खुबीही मातीत जाते. नुकसान कोणाचे होते?

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला अगदी निराळ्या क्षेत्रात सापडले. क्षेत्र धावण्याचे, देश न्यूझीलंड आणि माणूस आर्थर लिडियार्ड. पेशाने ते ऑकलंड शहरातील एका बुटांच्या कारखान्यात काम करीत. एरवी या पानावर खेळाडूंची चर्चा आम्ही करीत नाही. परंतु हा खेळाडू आधी कारागीर होता, म्हणून त्याची हकिगत येथे देत आहोत.

पाच मैलांत दमछाक

लिडियार्ड यांचा जन्म १९१७ सालचा. तरुणपणी ते रग्बी खेळत आणि स्वतःला धडधाकट समजत. तिशीकडे झुकले असताना जॅक डोलन नावाच्या वयाने मोठ्या, जुन्या धावपटूने त्यांना आपल्याबरोबर पाच मैल धावायला नेले. डोलन आरामात धावले आणि लिडियार्ड यांचा श्वास मात्र फुलून आला. आज ही गत, तर पन्नाशीत काय होईल, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला.

दुसरा असता तर घरी जाऊन स्वस्थ झोपला असता. लिडियार्ड यांनी मात्र धावण्याचा हिशेब मांडायला घेतला. त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू बहुधा मैदानावर थोडे अंतर जोरात धावण्याचा सराव करीत. लिडियार्ड यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग सुरू केले. कधी आठवड्याला थोडे मैल, तर कधी तब्बल २५० मैल. कधी हळू, कधी वेगात. काय केल्याने अंगात ताकद साचते आणि काय केल्याने ती आटते, याची ते नोंद घेत. अखेर त्यांचा ताळा जमला. आठवड्याला सुमारे १०० मैल, दम न लागता, पण नेटाने धावावे, हा त्यांचा पाया ठरला.

हे सर्व नोकरी आणि प्रपंच सांभाळून चालले होते. कारखान्याच्या मजुरीत भागेना, म्हणून ते घरोघर दूध पोहोचविण्याचे कामही करीत. उरलेल्या वेळात धावणे. १९५० साली ऑकलंडला भरलेल्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत ते मॅरेथॉन धावले. पदक मिळाले नाही. १९५३ व १९५५ साली मात्र ते न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते ठरले.

पहिला शागीर्द

त्यांचा पहिला शागीर्द त्याच बुटांच्या कारखान्यातला निघाला. लॉरी किंग हा तरुण त्यांच्याबरोबर काम करी आणि त्यांच्याबरोबरच धावू लागला. पुढे १९५४ च्या व्हँकुव्हरच्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत तो देशातर्फे उतरला. हे पाहून ओवैराका वस्तीतील आणखी मुले लिडियार्ड यांच्याकडे येऊ लागली. ही निवडून आणलेली मुले नव्हती. बहुतेक आसपासच्या घरांतलीच होती. मरे हॅलबर्ग यांचा डावा हात तर रग्बीतील दुखापतीने कायमचा अधू झालेला होता.

येथे लिडियार्ड यांच्यासमोर तोच उस्तादाचा प्रश्न उभा होता. ते स्वतः अजून स्पर्धेत धावत होते. आपली युक्ती आपल्यापुरती ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती शागिर्दांपुढे उघडी केली. इतकेच नव्हे, तर रविवारी वायटाकेरे डोंगरातील २२ मैलांच्या कठीण वाटेवर ते मुलांच्या बरोबरीने धावत. जे स्वतः केले नाही, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

आधी भांडवल, मग उलाढाल

त्यांची पद्धत आमच्या व्यापारी बांधवांना चटकन समजेल. प्रथम अनेक आठवडे लांबलांब धावून अंगात दमाचे भांडवल जमवायचे. मग काही आठवडे टेकडीवर चढ-उताराची मेहनत. त्यानंतर वेगाचा सराव. शेवटी स्पर्धा जवळ येताच मेहनत कमी करून शरीर ताजे करायचे. सारा हिशेब असा की, ऐन स्पर्धेच्या दिवशीच ताकद पुरी बाजारात यावी. सणाच्या हंगामासाठी आधीपासून माल भरणारा दुकानदार याहून वेगळे काय करतो? जो भांडवल जमण्याआधीच उलाढाल वाढवितो, तो हंगामापूर्वीच थकतो. मेहनत करा, पण अंग पिळवटून टाकू नका, असे ते नेहमी सांगत.

पीटर स्नेल यांची शर्यत फक्त ८०० मीटरची. दोन मिनिटांतही न लागणाऱ्या शर्यतीसाठी २२ मैल धावायचे कशाला, असे लोक विचारीत. उत्तर १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मिळाले. २ सप्टेंबरला स्नेल यांनी ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर तासाभरात हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे. पुढे मॅरेथॉनमध्ये बॅरी मॅगी यांनी कांस्यपदक मिळविले. एकाच उस्तादाच्या हाताखालचे हे तीन शागीर्द. न्यूझीलंडच्या संघात त्या उस्तादाला मात्र अधिकृत प्रशिक्षकाची जागा नव्हती. १९६४ साली टोकियोत स्नेल यांनी ८०० आणि १५०० मीटर, दोन्ही शर्यती जिंकल्या.

हुनर वाटला, तेव्हा काय झाले?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जग जिंकणारी ही पद्धत लिडियार्ड यांनी कुलपात ठेवली नाही. १९६२ साली त्यांनी गार्थ गिलमूर यांच्यासह पुस्तक लिहून ती सर्वांसमोर मांडली. पुढे मेक्सिको आणि फिनलंडमध्ये जाऊन त्यांनी ती परदेशी प्रशिक्षकांनाही शिकविली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या लासे व्हिरेन यांनी ५००० व १०००० मीटरची सुवर्णपदके पटकावली, तेव्हा त्या यशात लिडियार्ड यांच्या शिकवणीचाही वाटा होता.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लिडियार्ड यांनी ऑकलंडच्या सामान्य, वयस्क माणसांनाही सावकाश धावायला लावले होते. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे आले. ते या मंडळींबरोबर धावू लागले, तर सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थही त्यांना भारी पडला. बॉवरमन यांनी हा छंद अमेरिकेत नेला. १९६४ साली त्यांनी आपले जुने विद्यार्थी फिल नाइट यांच्यासह प्रत्येकी ५०० डॉलर घालून धावण्याच्या बुटांचा धंदा सुरू केला. तीच पुढे नायके कंपनी झाली. सामान्य माणूस धावू लागला, म्हणूनच धावण्याच्या बुटाला एवढी मोठी बाजारपेठ मिळाली.

या व्यवहारात लिडियार्ड यांच्या पदरी काय पडले? नायकेसारखी दौलत नक्कीच नाही. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. हुनर वाटणाऱ्याची तिजोरी भरतेच, असे सांगणे खोटेपणाचे होईल. जर्मनीच्या ब्रुटिंग कारखान्याने त्यांच्या नावाचे बूट बाजारात आणले. १९९० साली त्यांच्या देशाने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. ११ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच त्यांचे निधन झाले. वय ८७ वर्षे. अखेरपर्यंत ते शिकवीतच होते.

त्यांनी युक्ती स्वतःपाशी ठेवली असती, तर दोन वेळच्या राष्ट्रीय विजेतेपदावर हकिगत संपली असती. आज जगभरचे प्रशिक्षक त्यांचा हिशेब वापरतात आणि नावानिशी वापरतात.

शागीर्द समोर दुकान टाकील, ही धास्ती खोटी नाही. पण ज्याचे शागीर्द नामांकित, त्या उस्तादाकडे काम आणि माणसे आपणहून चालत येतात. आमच्या कारागीर बांधवांनी आज दुकान बंद करताना एवढाच विचार करावा: आपल्या हातात अशी कोणती खुबी आहे, जी अजून कोणालाच शिकविलेली नाही? आणि ती शिकवायला आपण कशाची वाट पाहत आहोत?